पहिला श्रोता

१९३८ साली जी. एन. जोशी मुंबईत 'हिज मास्टर्स व्हॉइस' कंपनीच्या नोकरीत शिरले, तेव्हा मराठी माणूस त्यांना गायक म्हणून ओळखत होता. वकिलीचं शिक्षण घेतलेल्या या विदर्भाकडच्या तरुणाने मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'रानारानांत गेली बाई शीळ' ही कविता स्वतः चाल लावून गायली. त्या तबकडीने भावगीत नावाच्या नव्या प्रकाराला घराघरांत नेलं. गंगूबाई हनगल यांचं नाव तबकडीवर 'गांधारी' असं छापलं जाई, त्या काळात जोशींनी त्यांच्याबरोबर द्वंद्वगीतंही गायली. नाव झालं होतं, रेकॉर्डी खपत होत्या. आणि अशा वेळी या माणसाने मायक्रोफोनच्या पलीकडची खुर्ची पत्करली. इतरांना गाऊ द्यायचं आणि आपण ऐकायचं, हा त्यांचा पुढच्या तीन दशकांचा व्यवसाय झाला.

त्या खुर्चीला आज 'म्युझिक प्रोड्युसर' म्हणतात. तिच्या शेजारी रेकॉर्डिस्टची खुर्ची असते. नाशिकमध्ये, विशेषतः इंदिरानगरसारख्या मध्यमवर्गीय वस्तीत, या दोन्ही खुर्च्यांची स्वप्नं पाहणारी मुलं आता बरीच आहेत. फ्लॅटच्या एका खोलीत संगणक, दोन स्पीकर, एक माइक आणि भिंतीला लावलेला फोम, एवढ्यावर सुरुवात होते. आईवडिलांना हा व्यवसाय नेमका काय आहे ते सांगता येत नाही आणि मुलांनाही ते नीट समजावता येत नाही. या व्यवसायात करायचं काय असतं, याचं उत्तर यंत्रांच्या यादीत शोधलं तर हाती फारसं लागत नाही. ते आपल्याकडच्या माणसांच्या कामात सापडतं. म्हणून सुरुवात जोशींपासून.

मेणावरचे निर्णय

जोशी नोकरीला लागले तेव्हा ध्वनिमुद्रण मेणाच्या जाड तबकडीवर होई. माइकमधून आलेला आवाज विजेच्या साहाय्याने एका सुईला हलवी आणि ती सुई फिरत्या मेणावर खाच कोरत जाई. त्या मेणावरून धातूचा साचा आणि साच्यावरून लाखेच्या तबकड्या. हे काम कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात चाले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन ते साडेतीन मिनिटं मावत. एवढाच वेळ.

यातली खरी अडचण वेगळीच होती. कोरलेलं मेण लगेच वाजवून पाहिलं, तर खाच खराब होई आणि त्यावरून साचा काढता येत नसे. म्हणजे मुद्रण चांगलं झालं की नाही, हे गाणं चालू असतानाच ऐकून ठरवायचं. तुकडे जोडण्याची सोय नव्हती. शेवटच्या दहा सेकंदांत तबलजीची थाप हुकली, तरी सगळं पहिल्यापासून, नव्या मेणावर. अशा वेळी काचेपलीकडच्या माणसाचा कान हीच एकमेव तपासणी होती. 'चाललं' किंवा 'पुन्हा' हे दोन शब्द त्याने चुकीच्या जागी वापरले, तर एक तर चांगलं गाणं वाया जाई किंवा वाईट गाणं कायमचं राही.

त्यात समोर बसलेला कलावंत मैफलीत तास-दीड तास एक राग मांडणारा. लाल दिवा लागला की त्याने सुरू करायचं आणि तिसऱ्या मिनिटाच्या अखेरीस कुणीतरी हात वर केला की समेवर येऊन थांबायचं. अनेक बुजुर्गांना हा अपमान वाटे. त्यात तथ्यही होतं. बढत करायला वेळ नसेल तर रागाचं काय उरतं? या प्रश्नाला जोशींनी दिलेलं उत्तर त्यांच्या कामात दिसतं. गायक असल्यामुळे त्यांना कोणती चीज तीन मिनिटांत उभी राहील आणि कोणती गुदमरेल हे कळत होतं. विलंबित किती सोडायचं, द्रुत कुठून धरायचं, तान किती आवर्तनांची, हे कलावंताशी त्याच्याच भाषेत बोलता येत होतं. कंपनीचा दुसरा एखादा अधिकारी घड्याळ दाखवू शकला असता. जोशी बंदिश सुचवू शकत होते.

या साऱ्या आठवणी त्यांनी 'स्वरगंगेच्या तीरी' या पुस्तकात लिहिल्या. पुढे 'डाउन मेलडी लेन' हे त्यांचं इंग्रजी पुस्तकही १९८४ मध्ये आलं. ही पुस्तकं वाचताना जाणवतं की त्यांच्या कामाचा मोठा भाग स्टुडिओच्या बाहेर घडत होता. मन वळवणं, वाट पाहणं, रुसवा काढणं, मानधनाची बोलणी करणं, कलावंताच्या घरी जाऊन बसणं. ध्वनिमुद्रण हे त्या सगळ्याचं अखेरचं टोक.

पुढे एलपी, म्हणजे लाँग प्लेइंग तबकडी, आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक वेळ मिळू लागला. वेळ वाढला तशी निर्मात्याची जबाबदारी बदलली. आता काय गाळायचं यापेक्षा काय मांडायचं हे ठरवणं आलं. याचं ठळक उदाहरण म्हणजे १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली'. तिचे निर्माते जोशीच. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा हे तिघे वादक तेव्हा तिशीच्या आसपासचे. संतूर आणि हवाईयन गिटार ही वाद्यं शास्त्रीय मंचावर अजून आपली जागा मागत होती. तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाच्या दिवसाची कल्पना घेऊन सकाळच्या अहीर भैरव, नट भैरवपासून रागांची माळ लावायची, ही रचना मैफलीच्या रिवाजात बसणारी नव्हती. ती फक्त तबकडीसाठीच योजलेली होती. जॉर्ज हॅरिसनसारख्या कलावंतापर्यंत ती पोहोचली आणि अनेक परदेशी श्रोत्यांनी हिंदुस्थानी संगीत पहिल्यांदा ऐकलं ते याच तबकडीवर. १९३० च्या दशकातले भावगीत गायक जोशी तोवर पन्नाशी ओलांडून गेले होते. तरी नव्या पोरांच्या अनोळखी वाद्यांवर कंपनीचा पैसा लावण्याची हिंमत त्यांच्यात होती. निर्मात्याची पारख म्हणतात ती हीच.

नाशिकचा एक आवाज

नाशिककरांना या व्यवसायाचं मोल कळण्यासाठी दूर जायला नको. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या उत्तरार्धात पंचवटीत रामनाम आधार आश्रम उभारला. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु, म्हणजे डी. व्ही. पलुस्कर, यांचा जन्म २८ मे १९२१ चा, नाशिकचा. वडील गेले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी त्यांना घडवलं. १९४४ मध्ये त्यांची पहिली तबकडी निघाली. १९५२ च्या 'बैजू बावरा'त त्यांनी अमीर खाँसाहेबांबरोबर गायलेली जुगलबंदी देशभर पोहोचली. आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, ते गेले.

त्यांची मैफल ऐकलेली माणसं आता जवळपास उरलेली नाहीत. पलुस्करांचं गाणं आपल्याला ठाऊक आहे ते त्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांमुळे, रेडिओच्या ध्वनिमुद्रणांमुळे आणि काही खासगी फितींमुळे. निर्मळ, सरळ, जराही न ताणलेला तो आवाज लाखेवर इतका स्वच्छ उमटला, कारण माइक किती अंतरावर ठेवायचा, तंबोरा किती ऐकू यायला हवा, तबल्याला किती मागे बसवायचं, हे कुणीतरी विचार करून ठरवलं होतं. त्या रेकॉर्डिस्टांची नावं तबकडीवर नाहीत. एका अख्ख्या गायकाची आपल्यापर्यंतची वाट ज्यांच्या हातून गेली, ते अनामिक राहिले.

असंच केसरबाई केरकरांचं. गोव्यातल्या केरी गावच्या या मानी गायिकेने ध्वनिमुद्रणं फार थोडी दिली. त्यातली भैरवीतली एक, साडेतीन मिनिटांची, १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अंतराळात गेली. अख्ख्या हिंदुस्थानी संगीताचं प्रतिनिधित्व तिथे त्या साडेतीन मिनिटांनी केलं आहे. मेणावर खाच पडत असताना 'चाललं' म्हणणाऱ्या माणसाला याची कल्पना असणं शक्यच नव्हतं. पण काम मात्र त्याने कायमसाठी करावं तसंच केलं.

दोन खुर्च्या

निर्माता आणि रेकॉर्डिस्ट या दोन कामांची आज सरमिसळ झाली आहे, म्हणून त्यांतला फरक सांगायला हवा. निर्माता ठरवतो काय ध्वनिमुद्रित करायचं, कुणाकडून, कोणत्या क्रमाने, आणि कुठे थांबायचं. रेकॉर्डिस्ट ठरवतो ते कसं ऐकू येईल: माइक कोणता, किती दूर, कोणत्या कोनात, लेव्हल किती, कोण पुढे, कोण मागे. एकाची नजर गाण्यावर, दुसऱ्याची आवाजावर. आणि दोघांनीही एकमेकांचं ऐकायचं.

महाराष्ट्रात या दुसऱ्या खुर्चीचाही मोठा वारसा आहे. 'प्रभात' चित्रपट कंपनीचे विष्णुपंत दामले यांना आपण फत्तेलालांबरोबर १९३६ चा 'संत तुकाराम' दिग्दर्शित करणारे म्हणून ओळखतो. पण बोलपट आल्यावर प्रभातच्या ध्वनिमुद्रणाची धुरा त्यांनीच उचलली होती. आधी पडदे रंगवणारा, यंत्रं खोलून जोडणारा हा कारागीर नवं शास्त्र हाताने शिकला. 'संत तुकाराम'मधले अभंग आज ऐकले तरी त्यात मोकळ्या हवेचा भास होतो.

पुढच्या पिढीत परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई होते. त्यांचं काम मिक्सिंगचं. संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज यांचा तोल साधून एकच ध्वनिपट्टी तयार करायची. 'शोले'चं मिक्सिंग त्यांचं. जुन्या पद्धतीत दहा-अकरा मिनिटांचं अख्खं रीळ सलग मिक्स करावं लागे. पडद्यावर चित्र पाहत, बोटांनी बटणं फिरवत. चूक झाली की रीळ पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे मिक्सिंग करणाऱ्यालाही वादकासारखी तालीम लागे.

आणि रेडिओ. 'गीतरामायण' म्हटलं की कवी गदिमा आणि संगीतकार बाबूजी आठवतात. त्या दोघांना आकाशवाणीच्या पुणे केंद्रासाठी वर्षभराची मालिका करायला उद्युक्त करणारे सीताकांत लाड फार थोड्यांना आठवतात. १ एप्रिल १९५५ ला सुरू झालेली ती मालिका ५६ गाण्यांची झाली. दर आठवड्याला नवं गाणं लिहून, चाल लावून, गायक ठरवून, वेळेवर प्रसारित करायचं. कवी आणि संगीतकाराच्या प्रतिभेला वेळापत्रक मानवत नाही. ते तिच्यावर न लादता पाळून दाखवणं, हे लाडांचं काम होतं. निर्मात्याच्या कामाची याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही.

छप्पन्न हर्ट्झची खोली

आता इंदिरानगर. एका बाजूला मुंबई-आग्रा महामार्ग, दुसरीकडे वडाळा-पाथर्डी रस्ता, मधे राणेनगरपर्यंत पसरलेल्या सोसायट्या आणि रो-हाउस. महामार्गाची घरघर रात्रीही पूर्ण थांबत नाही. ओझरच्या एचएएलमधून उडालेलं लढाऊ विमान शहरावरून गेलं की टेक वाया. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली, शेजारी कुकरची शिट्टी झाली, की पुन्हा टेक वाया. म्हणून अशा खोल्यांमध्ये गाण्याचं काम बहुधा रात्री उशिरा होतं.

पण बाहेरच्या आवाजाहून मोठा शत्रू खोली स्वतः असते. आपल्या फ्लॅटमधली एक बेडरूम साधारण १० बाय १२ फूट. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. १० फूट, म्हणजे साधारण ३ मीटर अंतरावरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा सूर अडकतो आणि स्वतःच मोठा होतो. १२ फुटांच्या बाजूला तो ४७ च्या आसपास. भिंतीजवळ बसलं तर ढोलाचा, डग्ग्याचा खर्ज भरदार वाटतो, खोलीच्या बरोबर मध्यावर बसलं तर तो नाहीसाच होतो. भिंतीजवळ बसून मिक्स करणारा मुलगा खर्ज जास्त झाला म्हणून कमी करतो आणि तेच गाणं गाडीत किंवा मंडळाच्या स्पीकरवर वाजलं की पोकळ वाटतं. दोष त्याच्या कानाचा नसतो. खोली त्याच्याशी खोटं बोललेली असते.

यावर अंड्यांचे ट्रे हा उपाय नाही. त्यांनी बाहेरचा आवाज अडत नाही आणि खर्जही शोषला जात नाही. पातळ फोम फक्त वरचे, तीव्र सूर खातो आणि खोली आणखी बधिर करतो. आवाज अडवायला वजन लागतं: जाड भिंत, भरीव दार, फटी बंद. आवाज शोषायला जाडी लागते: रॉकवूल किंवा ग्लासवूल भरलेली चार-सहा इंचांची पॅनेल, तीही आधी कोपऱ्यांत, कारण खर्ज तिथे साठतो. पुस्तकांनी भरलेलं कपाट, कापसाची गादी, जाड गोधडी यांचाही उपयोग होतो. महागडा माइक घेण्याआधी हे केलं, तर साध्या माइकवरही काम उजळतं.

या खोल्यांमधून काय निघतं? गणपतीची आणि सप्तशृंगीची गाणी, भीमजयंतीची गाणी, निवडणुकीची प्रचारगीतं, कीर्तनं, जाहिरातींचे आवाज, आणि यूट्यूबवर प्रचंड ऐकली जाणारी अहिराणी गाणी. या कामाला कमी लेखण्याचं कारण नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक यांची गीतं गावोगाव पोहोचली ती गायकांच्या गळ्यातून आणि पुढे कॅसेटमधून, कुठल्याही बड्या स्टुडिओच्या मेहेरबानीवाचून. १९८० च्या दशकातल्या कॅसेटने मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि ज्यांना तबकडीवर जागा नव्हती त्यांचे आवाज बाजारात आले. फ्लॅटमधला स्टुडिओ त्याच वाटेचा पुढचा टप्पा आहे. अहिराणी गाण्याला आता मुंबईची परवानगी लागत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे.

काय मिळालं, काय गेलं

मिळालं ते मोजता येतं. मेणावर एकही चूक दुरुस्त होत नव्हती; आज एका शब्दातला एक स्वर उचलून जागेवर बसवता येतो. ट्रॅक कितीही. टेक कितीही. अजय-अतुल यांनी 'सैराट'साठी थेट लॉस एंजेलिसमध्ये सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. आणि तशाच वाद्यवृंदाचे नमुने वापरून खोलीत बसलेला विद्यार्थीही चाल बांधून ऐकवू शकतो.

गेलं ते मात्र पटकन लक्षात येत नाही. पूर्वी गायक, संगीतकार, संयोजक, निर्माता, रेकॉर्डिस्ट ही वेगवेगळी माणसं होती. आज या सगळ्या भूमिका अनेकदा एकच जण करतो. तो चाल करतो, वाजवतो, गातो, मिक्स करतो आणि रात्री दोनला अपलोडही करतो. या साखळीत 'पुन्हा' म्हणणारा दुसरा माणूस उरलेला नाही. आपण केलेलं शंभर वेळा ऐकलं की कान मरतो. कुठे शब्द गिळला गेलाय, कुठे भावना खोटी झालीय, हे आपल्यालाच ऐकू येईनासं होतं. जोशींकडे होतं त्याहून हजारपट चांगलं यंत्र हाताशी आहे. त्या यंत्रासमोर जोशी मात्र नाहीत.

या व्यवसायाचा गाभा माझ्या मते एवढाच आहे: गाणाऱ्यानंतरचा पहिला श्रोता होणं. पुढे येणाऱ्या सगळ्या श्रोत्यांच्या वतीने ऐकणं, आणि जे ऐकलं ते गाणाऱ्याला त्याचा धीर न खचू देता सांगणं. यंत्र शिकायला सहा महिने पुरतात. असं ऐकायला आणि असं बोलायला वर्षं लागतात. पुण्यात प्रभातच्याच जुन्या आवारात असलेल्या एफटीआयआयमध्ये ध्वनिमुद्रणाचं शास्त्र शिकवलं जातं. त्याच्या जोडीला मैफलीत, तमाशाच्या फडात, कीर्तनात, नाटकाच्या विंगेत बसून उघड्या कानाने ऐकलेले तास हवेत. तंबोऱ्याची जवारी लागलेली ऐकलीच नसेल, तर ती माइकमध्ये आली की नाही हे कसं कळणार?

नाव आणि दाम

मग या व्यवसायात पोट भरतं का? बहुतेकांचं उत्पन्न कामावारी असतं: तासाचे, गाण्याचे किंवा ठोक पैसे. गाणं पुढे कितीही गाजलं, तरी रेकॉर्डिस्टला त्यातून काही येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'निर्माता' म्हणजे ध्वनिमुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. प्रत्यक्षात ती बहुधा कंपनी असते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क बळकट केला, गायक-वादकांनाही काही दिलं. काचेपलीकडच्या माणसाचं नाव त्यात कुठेच नाही. जोशींनी घडवलेल्या तबकड्याही त्यांच्या नव्हत्या, कंपनीच्या होत्या. म्हणून घरच्या खोलीत काम करणाऱ्या मुलामुलींनी पहिल्या दिवसापासून दोन गोष्टींचा आग्रह धरावा: काम सुरू होण्याआधी लेखी करार, आणि गाण्याखाली प्रत्येकाचं नाव. यूट्यूबच्या वर्णनात ओळी मोजून मिळत नाहीत; रेकॉर्डिस्टचं, मिक्सिंग करणाऱ्याचं, ढोलकीवाल्याचं नाव लिहायला खर्च शून्य येतो.

एक काम आपल्या शहरानेही करावं. कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे पलुस्करांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या तबकड्या आज सर्वांच्या आहेत. नाशिकमध्ये जुन्या घरांत पडून असलेल्या अशा तबकड्या, कीर्तनांच्या फिती, शाहिरांच्या कॅसेट नीट उतरवून घेण्याचं कौशल्य याच मुलामुलींच्या हातात आहे. कॅसेटची फीत दर वर्षी झिजते. उशीर परवडणारा नाही. एखादं वाचनालय, एखादी संगीत संस्था आणि इंदिरानगरातले चार तरुण रेकॉर्डिस्ट एकत्र आले, तर वर्षभरात मोठा ठेवा सुरक्षित होईल. त्यात त्यांना कामही मिळेल आणि कान घडवायला याहून चांगली शाळाही नाही. कारण जुनी फीत उतरवताना ठरवावं लागतं की यातली खरखर किती काढायची आणि गायकाचा श्वास किती ठेवायचा. हे ठरवता येऊ लागलं की तो मुलगा किंवा मुलगी रेकॉर्डिस्ट झाली, असं खुशाल समजावं.